दोन कप चहाचं आधण

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, सप्रेम नमस्कार. मी चिपळूणची, वय ५४. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मीच केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. २०२१च्या पुरात त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वरच्या मजल्यावर नेलं, तेव्हाही मी त्यांचा हात धरून होते. या चैत्रात त्या गेल्या. पहाटे साडेतीनला श्वास थांबला आणि माझ्या मनात पहिला विचार आला, 'आता मला झोपता येईल.' तो विचार पिच्छा सोडत नाही. आणि झोप तर अजूनही येत नाही, दर दोन तासांनी जाग येतेच.

मुलगी लग्न होऊन पुण्याला. हे लोट्याला कंपनीत, सकाळी साडेसहाला निघतात ते संध्याकाळी सातला येतात. दिवसभर मी आणि घर. चार वाजले की हात आपोआप दोन कप चहाचं आधण ठेवतात. मग एक कप मोरीत ओतते. सहानंतर पोटात खड्डा पडतो. हे आले की काहीतरी निमित्त काढून त्यांच्यावर खेकसते. भजनाला जाणं सोडलंय. नणंदबाई सहा वर्षांत मोजून चार वेळा आल्या आणि आता फोनवर म्हणतात, 'वहिनी, सुटलीस गं तू.' शेजारणी म्हणतात, मोकळी झालीस, हिंड-फिर, आनंदी राहा. मोबाइलवर रोज सकाळी कुणी ना कुणी सकारात्मक विचार पाठवतं. वाचून जास्तच रडू येतं. कधी वाटतं, आईंबरोबर मीही गेले असते तर बरं झालं असतं. मन ताळ्यावर आणायला काय करू? आणि खरं सांगा, मी वाईट बाई आहे का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या मनात शिरणार नाही. तुम्ही वाईट नाही.

जरा हिशेब मांडू या. रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्या वेळात तीनदा उठणं धरलं, तरी सहा वर्षांत साडेसहा हजार वेळा तुमची झोप मोडली. तितक्या वेळा उठून तुम्ही एक निम्मं लुळं, जड शरीर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवलंत, खालच्या चादरीची सुरकुती काढलीत, पाठ कोरडी आहे ना ते हात फिरवून पाहिलंत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला सहा वर्षांत एक जखम होत नाही याचा अर्थ काय, ते हे काम केलेल्यांनाच कळतं. साडेतीनला तो विचार आला, तो तुमच्या शिणलेल्या शरीराचा होता. तहानेनं जीव कासावीस झालेल्याला पाणी दिसावं तशी त्याला झोप दिसली. आईंवरची माया आणि ही सुटका एकाच क्षणी तुमच्या पोटात होती. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण गेल्यानंतर त्यांच्याशी बोलले, तेव्हा ७२ टक्के लोकांनी सांगितलं की त्या मृत्यूनं आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. शंभरातले बहात्तर. त्यांना कुणीतरी विचारलं म्हणून ते बोलले. आपल्याकडे कुणी विचारत नाही, त्यामुळे कितीतरी सुना आणि मुली ही गोष्ट एकटीच्या एकटी गिळून बसतात. नणंदबाईंचं 'सुटलीस' तुम्हाला एवढं का झोंबतं, तेही यावरून कळतं. तुमच्याच मनातला शब्द त्यांनी उच्चारला, आणि तोही सहा वर्षांत चार वेळा आलेल्या माणसानं.

आता एक थेट विचारते. 'मीही गेले असते तर' हा विचार नुसता येऊन जातो, की जीव कसा द्यायचा याचंही काही मनात येतं? दुसरं असेल, तर हा मजकूर बाजूला ठेवा, यजमानांना आत्ता सांगा आणि एकट्या राहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी सरकारी सेवा आहे, फुकट आहे, २०२२पासून चालू आहे. दिवसा-रात्री केव्हाही फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. पहाटे साडेतीनलाही. पहिलं असेल तरीसुद्धा डॉक्टरांना दाखवा, असं मी आग्रहानं सांगते. उदासी, कशातच रस नसणं, झोप मोडणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं तर तपासून घ्यावं, असं डॉक्टर मानतात. तुमचा तर चौथा महिना चालू आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-बारा एवढं आधी पाहून घ्या. थायरॉइड मंदावलं तरी मन असंच खाली जातं, आणि या वयात पाळी जाताना रात्री घामानं जाग येते, ती वेगळीच.

कोकणात 'रत्नागिरीला नेतील' हे वाक्य धमकीसारखं वापरतात. तिथल्या मनोरुग्णालयाची भीती इतकी बसलीय की साध्या सल्ल्यासाठीसुद्धा मनाच्या डॉक्टरकडे जायला माणसं दचकतात. तुम्ही दचकू नका. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, बोलायचं आणि घरी यायचं, इतकंच असतं ते. गोळ्या दिल्याच, तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करायच्या नाहीत.

पुराचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण मी तिथेच थांबले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतरचे दिवस आठवा. पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल. तो फावड्यानं ओढायचा, भांडी पुन्हा पुन्हा घासायची, फुगलेल्या गाद्या रस्त्यावर टाकायच्या. रडायला कुणाला फुरसत होती? माझ्या ओळखीची एक बाई त्या दिवसांत पदर खोचून सगळ्यांच्या पुढे होती. घर धुऊन झालं, भिंती वाळल्या, नवी शेगडी आली, आणि एका दुपारी लग्नाच्या फोटोंचा भिजून चिकटलेला अल्बम तिच्या हाती लागला. तीन तास रडत होती. घरचे म्हणाले, आता तर सगळं आटपलं, आता काय झालं? आटपलं म्हणूनच तर झालं. तुम्ही सहा वर्षं चिखल ओढत होतात, ताई. आता घर धुऊन झालंय.

त्यामुळे 'आनंदी राहा' ऐकून तुम्हाला रडू येतं, यात मला काही चमत्कारिक वाटत नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, असं वैद्यानं बजावलं आणि रोग्याला दर घोटाला माकडच दिसायला लागलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं हीच परीक्षा विद्यार्थ्यांवर घेतली, फक्त माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं. अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर विद्यार्थ्यांना ते येऊन येऊन दिसायला लागलं. मनातला वाईट विचार हाकलायला निघालं की तो दारातच ठाण मांडतो. ते सकाळचे निरोप पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. तरी ते ग्रुप महिनाभर आवाज बंद करून ठेवा, कुणाला कळतही नाही.

तुम्ही सगळ्याला एकच नाव दिलंय, मन ताळ्यावर नाही. मला मात्र पत्रात निदान चार-पाच वेगवेगळी माणसं बसलेली दिसतात. चार वाजता आधण ठेवल्यावर होते ती हुरहुर. साडेतीनच्या विचाराची आहे ती रुखरुख. नणंदबाईंचा फोन ठेवल्यावर येतो तो सरळ राग. यजमानांवर खेकसून झाल्यावर वाटते ती खंत. आणि सहानंतरचा खड्डा? त्यात रिकामपण आहे, पण थोडी भीतीही असावी असा माझा अंदाज आहे. एका बाईचं परावलंबी म्हातारपण इतक्या जवळून पाहिल्यावर 'माझं कोण करील' हा प्रश्न पडतोच, एकुलती मुलगी पुण्याला असताना तर पडतोच पडतो.

ही नावं घ्यायला मी एवढ्यासाठी सांगते की प्रत्येकीचं मागणं वेगळं असतं. हुरहुरीला सोबत लागते. रुखरुखीला कुणीतरी समोर बसून 'तुझं काही चुकलं नाही' म्हणावं लागतं. राग ज्याचा त्याला जाऊन सांगावा लागतो. भीतीला कागद-पेन घेऊन बसावं लागतं: शिल्लक किती, आरोग्य विमा आहे का, मुलीशी यावर एकदा तरी बोललोय का. सगळ्यांवर मिळून 'आनंदी राहा' हा एकच काढा दिला तर कुणालाच लागू पडत नाही. आत जे चाललंय त्याला नेमका शब्द दिला की त्याचा जोर थोडा ओसरतो, हे २००७ साली लॉस एंजलीसच्या विद्यापीठातल्या संशोधकांना मेंदूच्या चित्रांतही दिसलं. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल मंदावत होती. मराठीत तर शब्दांची ददात नाही. तगमग, चुटपुट, घालमेल, कासाविशी, उदासी, चिडचिड. सहा वाजता खड्डा पडला की मोठ्यानं म्हणून बघा: ही आत्ता घालमेल आहे की भीती?

एवढंच, की नाव घेऊन झालं की तिथे घोटाळत बसायचं नाही. 'असा विचार माझ्या मनात आलाच का' हे तुम्ही तीन महिने दळताय. १९८९च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद योगायोगानं त्याच्या थोडंच आधी केलेली होती. भूकंपानंतर पाहिलं तर ज्यांना आधीपासून उदासी चघळत बसायची सवय होती, त्यांची उदासी जास्त होती आणि जास्त टिकली. म्हणून विचार कुठे जाऊन संपतो ते पाहा. 'आता काय करू' इथे संपत असेल तर करू द्या. पुन्हा 'का' वरच येत असेल, तर उठा आणि हाताला काहीतरी काम द्या. तांदूळ निवडा.

याच हातांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बरं वाटलं की भजनाला जाईन, मन लागलं की शिवण काढीन, असं आपण म्हणतो. उदासीत हा क्रम चालत नाही. तिथे हात आधी हलवावे लागतात, मन मागून येतं. कधी दोन दिवसांनी, कधी पंधरा. मी शुश्रूषेतून बाहेर पडलेल्या बऱ्याच बायकांशी बोलले आहे आणि स्वतःही त्यातून गेले आहे, म्हणून हे इतकं ठासून सांगते. माझे वडील गेल्यावर त्यांचा गोळ्यांचा डबा, सोमवार ते रविवार असे कप्पे असलेला, कित्येक महिने शेल्फवर होता. शुक्रवारच्या कप्प्यात दोन गोळ्या राहिल्या होत्या. मला तो उचलता येईना आणि त्याच्याकडे बघवेना. त्या दिवसांत मला कुठल्याही उपदेशानं उठवलं नाही. उठवलं ते जिन्यातल्या कुंड्यांनी. पाणी न मिळून तुळस वाळायला लागली होती, ती बघवेना म्हणून रोज एक तांब्या घेऊन जिना उतरायला लागले. मन तसंच होतं, पण पाय जिन्यावर होते. महिन्यानं कधीतरी लक्षात आलं की खाली उतरल्यावर मी शेजारणीशी दहा मिनिटं बोलत उभी असते.

तुमच्या शेजारच्या गोव्यात याचा मोठा आणि शिस्तशीर प्रयोग झालेला आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि निम्म्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका. या बैठका घेणारे डॉक्टर नव्हते. स्थानिक साधी माणसं होती, त्यांना शिकवून तयार केलेलं. ती काय करत? दिवस कसा गेला ते विचारत, कशानं थोडं बरं वाटलं आणि कशानं खाली गेलं ते दोघं मिळून शोधत, आणि पुढच्या आठवड्यात बरं वाटणारी एखाद-दुसरी छोटी गोष्ट ठरलेल्या वेळी करायला सांगत. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. इतकी साधी गोष्ट इतकी उपयोगी पडते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हेच तुम्ही घरी सुरू करू शकता. एक वही घ्या, आईंच्या औषधांच्या वेळा लिहायची जुनी असेल तर तीही चालेल. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही. दर दोन-तीन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि मन दहापैकी कितीवर होतं. 'अकरा, कपडे वाळत घातले, चार. तीन, पडून राहिले, दोन.' सात दिवसांनी पानं चाळा. तुम्हाला वाटतं दिवसभर सारखंच असतं, तसं नसतं, कुठेतरी दोनाचा पाच झालेला सापडतो. जिथे सापडेल ते पुढच्या आठवड्यात वेळ ठरवून दोनदा करायचं. ठरवायचं तेही इतकं छोटं की नाही म्हणता येऊ नये. 'रोज चालायला जाईन' असं लिहू नका. 'साडेपाचला चप्पल घालून फाटकापर्यंत' असं लिहा. आषाढ आहे, पाऊस लागलेला असेल, मग पडवीतच दहा फेऱ्या. भजनाला पूर्ण वेळ बसवत नसेल तर पहिले दोन अभंग होईपर्यंत बसा आणि उठा. टाळ हातात नाही घेतला तरी कुणी काही म्हणणार नाही.

तुमच्या संध्याकाळीबद्दल थोडं. कातरवेळ हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही, त्या वेळेला धडधाकट माणसालाही हुरहुर लागते. तुमच्या बाबतीत आणखी चार गोष्टी तिथे येऊन मिळतात. सहा ते सात ही तुमची सगळ्यात धावपळीची वेळ असणार: दिवेलागण, आईंचं पुसणं, कपडे बदलणं, संध्याकाळच्या गोळ्या, मऊ भात भरवणं. त्या वेळेला शरीर अजूनही कामाला उभं राहतं आणि समोर काम नाही. दुपारी पडून राहिल्यामुळे अंग जड झालेलं असतं. एकटीसाठी कोण करतं म्हणून जेवण नावापुरतं झालेलं असतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणार. आणि पावसाळ्यात पाचलाच घरात अंधारून येतं. तेव्हा पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावा, विजेचं बिल आलं तर येऊ दे. चारच्या चहाबरोबर पोटभरीचं काहीतरी खा, दोन घावणे, नाहीतर उकडलेलं अंडं. आणि साडेपाच ते साडेसहा ही वेळ मोकळी ठेवू नका.

त्या तासासाठी मला एक सुचतंय, जमेल तेव्हाच करा. आईंची झटका येण्याआधीची सुती पातळं कपाटात असतील. धुऊन धुऊन मऊ झालेली, कुणाला द्यायलाही मन होत नाही अशी. त्यांची गोधडी शिवायला घ्या. दोन पातळं एकावर एक पसरायची, कडेनं टाचून घ्यायचं आणि बाहेरून आत धावदोरा घालत यायचं. रोज चार ओळी. हातात त्यांच्या पदराचा काठ येईल, रडू येईल, येऊ द्या. सुई चालूच राहते. पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतील, आणि घाई करायचीच नाही.

झोपेचं वेगळं. दोन तासांनी उठायची सवय सहा वर्षांची आहे, ती तीन महिन्यांत जात नाही. जाग आली की घड्याळ पाहायचं नाही, मोबाइल तर नाहीच. पाचेक मिनिटं पडून राहा आणि स्वतःला सांगा, 'कूस बदलून झालीय.' नाहीच डोळा लागला तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त होऊ देऊ नका आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठा. पहिले आठ-दहा दिवस याचा त्रास होईल, मग हळूहळू बसेल.

यजमानांबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंत की तुम्ही त्यांच्यावर खेकसता. त्यांची आई गेलीय, ताई. ते सकाळी साडेसहाला निघून जातात, त्यांना दिवसभर काम आहे, माणसं आहेत, पण संध्याकाळी ते ज्या घरात पाऊल टाकतात तिथे उंबऱ्यातूनच रिकामी कॉट दिसत असेल. तुम्ही दोघं एकाच छपराखाली दोन वेगवेगळी सुतकं पाळताय, असं मला पत्र वाचून वाटलं. एखाद्या दिवशी चहा झाल्यावर, टीव्ही लावायच्या आधी, त्यांना सांगा: 'अहो, माझा राग तुमच्यावर नाही. मला सहानंतर घर खायला उठतं, आणि तुम्ही येईपर्यंत ते साठतं.' मग साडेतीनचा विचारही सांगा. मला वाटतं तेही काहीतरी सांगतील. बहुतेक मुलांच्या पोटात असं काहीतरी असतं, आपण पुरेसं केलं नाही, सगळं बायकोवर टाकलं, असलं. ते त्यांच्या तोंडून ऐकणं तुम्हाला हवं आहे, आणि त्यांनाही ते कुणापुढे तरी बोलायला हवं आहे.

नणंदबाईंना मनातल्या मनात शंभर वेळा सुनावून झालं असेल. त्यानं राग कमी होत नाही, धार लागते त्याला. सगळं कागदावर लिहा, शिव्या आल्या तर शिव्या, आणि तो कागद ठेवा चार दिवस. मग त्यातलं एकच वाक्य निवडा जे खरंच त्यांच्यापर्यंत जायला हवं. 'तुम्ही सुटलीस म्हणता ते मला लागतं, पुन्हा म्हणू नका' एवढं पुरे. शांतपणे, फोनवर, एकदा. त्या रागावल्या तर रागावू द्या.

कॉट कधी हलवायची, ते तुम्ही दोघंच ठरवा. वर्षश्राद्धापर्यंत घरात सणवार धडाक्यात करत नाहीत ही आपली रीत मला शहाणी वाटते, तिनं शोकाला वर्षाची मुदत दिलेली आहे. शेजारणींनी तुम्हाला तीन महिनेही दिले नाहीत. कॉट, हवेची गादी, व्हीलचेअर द्यावीशी वाटली तर रुग्णसाहित्य उसनं देणारी केंद्रं गावोगावी असतात, तिथे चौकशी करा. फक्त कुणी 'तुम्हाला अनुभव आहे, आमच्या सासऱ्यांकडे जरा बघाल का' म्हणालं, तर वर्षभर तरी नाही म्हणा. तुम्ही हो म्हणाल अशी मला भीती आहे, कारण रिकामा हात तुम्हाला सोसत नाही.

आणि भाद्रपद आलाच. आईंशिवायचा पहिला गणपती. मुलगी येईल, घर भरेल, आणि विसर्जनानंतरचा दुसरा दिवस जड जाईल. त्या दिवसासाठी काहीतरी आत्ताच ठरवून ठेवा. मुलीला एक दिवस जास्त राहायला सांगा, किंवा तिच्याबरोबर चार दिवस पुण्याला जा.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. या आठवड्यात दोनच गोष्टी: डॉक्टरांची वेळ आणि ती वही. आणि उद्या चारला हातानं पुन्हा दोन कपांचं आधण ठेवलं, तर ठेवू द्या. दुसरा कप मोरीत ओतू नका. त्यावर बशी झाका आणि ज्या शेजारणी तुम्हाला हिंड-फिर म्हणतात, त्यातल्या जी कमी बोलते तिच्याकडे घेऊन जा. पंधरा दिवसांनी मला लिहा. वहीतली दोन पानं तशीच पाठवलीत तरी चालेल.

तुमची,
ताई